गावातून वॉर्डापर्यंत: सातारा-सांगलीच्या मुलींचं परिचर्या शिक्षण

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत रुग्णालयांची वानवा नाही. मिरज हे गाव तर शतकाहून अधिक काळ दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातल्या रुग्णांचं आशेचं ठिकाण आहे. कराडला लागून मलकापुरात कृष्णा रुग्णालय आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि भारती विद्यापीठाचं रुग्णालय, पाचगणीत रेडक्रॉसचं बेल-एअर, इस्लामपुरात प्रकाश रुग्णालय अशी ही यादी आणखी वाढवता येईल. मोठ्या रुग्णालयांना जोडून परिचर्या शिक्षणाच्या शाळा आणि महाविद्यालयं उभी राहिली आहेत. म्हणजे माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या किंवा पाटणच्या डोंगरातल्या मुलीला नर्स व्हायचं तर मुंबई-पुण्याला जायची गरज उरलेली नाही.

तरीही गावातून वॉर्डापर्यंतची वाट सरळ नाही. ती कुठे कुठे अडते, याचा विचार करताना आपण सवयीनं घराकडे बोट दाखवतो. आईबाप शिकू देत नाहीत, लग्नाची घाई करतात, असं म्हणून मोकळे होतो. त्यात तथ्य आहेच. पण शेतकरी घर मुलीच्या शिक्षणाचा हिशेब करतं, आणि त्यात शेवटी एकच प्रश्न असतो: एवढं करून पुढं काय? या प्रश्नाचं उत्तर घराकडे नाही. ते शिकवणाऱ्या संस्थेकडे, नोकरी देणाऱ्या रुग्णालयाकडे आणि शासनाकडे आहे. ते उत्तर पक्कं असेल तर घर बदलतं, आणि डळमळीत असेल तर कितीही प्रबोधन करून बदलत नाही. या लेखातला सगळा आढावा या एका मुद्द्याभोवती आहे.

या मातीतला वारसा

आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत बऱ्याच अंशी साताऱ्याचाच भाग होता. तेव्हा तो वेगळा काढून त्याला दक्षिण सातारा म्हटलं गेलं आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. रुग्णसेवेच्या इतिहासात या सलग मुलखाची दोन नावं फार मोठी आहेत.

पहिलं नाव सावित्रीबाई फुले यांचं. खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे त्यांचं जन्मगाव. आपण त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो, पण त्यांचा शेवट रुग्णांच्या उशाशी झाला. १८९७ च्या प्लेगात त्यांनी आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. एका आजारी लहान मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तिथं आणलं, त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी परिचर्येचं कोणतंही प्रमाणपत्र घेतलं नव्हतं. पण रुग्ण कोणत्या जातीचा आहे हे न पाहता त्याला हात लावायचा, ही परिचर्येची पहिली अट त्यांनी जगून दाखवली.

दुसरं नाव रमाबाई रानडे यांचं. त्या देवराष्ट्रे या गावच्या कुर्लेकरांच्या घरात जन्मल्या. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. त्या काळी हिंदू घरातल्या बाईनं परक्या पुरुषाची शुश्रूषा करणं, रात्री घराबाहेर राहणं, विटाळाची पर्वा न करता बाळंतपण हाताळणं या गोष्टी कल्पनेपलीकडच्या होत्या. विधवांना स्वतःच्या पायावर उभं करण्याचा तो मार्ग ठरला. नर्स हा प्रतिष्ठेचा पेशा असू शकतो, हे मराठी मध्यमवर्गाला पटवायला सेवासदनानं सुरुवात केली.

पेशाची खरी कार्यशाळा मात्र मिरजेत उभी राहिली. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केलं. शस्त्रक्रियेसाठी त्याची कीर्ती दूरवर पसरली. मोठ्या शस्त्रक्रिया करायच्या तर शिकलेल्या परिचारिका हव्यातच, म्हणून मिशननं स्थानिक मुलींना शिकवलं. सुरुवातीला आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती घरांतल्या मुली. वाईच्या मिशन रुग्णालयातही अशीच परंपरा होती. मिशन रुग्णालयांतून शिकलेल्या या परिचारिकांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या पुढच्या पिढ्यांना शिस्त आणि कामाची पद्धत दिली. मिरजेत १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तर कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये आलं. दोन्ही ठिकाणी परिचर्येची गरज पटींनी वाढली, आणि शेतकरी घरांतल्या मुली या पेशात मोठ्या संख्येनं येऊ लागल्या.

दहावीनंतरच्या अर्जात ठरणारी गोष्ट

नर्सिंगचा विचार बहुतेक घरांत बारावीच्या निकालानंतर सुरू होतो. तोवर निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. बी.एस्सी. नर्सिंग या चार वर्षांच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. जिनं अकरावीला कला शाखा घेतली, तिच्यासाठी हे दार दोन वर्षांपूर्वीच बंद झालेलं असतं.

आणि कला शाखा ती का घेते? विज्ञान झेपत नाही म्हणून नव्हे. गावाच्या जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखाच असते. विज्ञानासाठी तालुक्याला जावं लागतं, प्रयोगशाळेचे तास उशिरा सुटतात आणि परतीची शेवटची एसटी निघून जाते. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचं बीज रोवलं आणि या भागात गावोगाव शाळा पोहोचल्या. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, त्याचाही मोठा आधार आहे. पण विज्ञान शाखा अजून मुलीच्या दारात आलेली नाही. नर्सिंग शिक्षणाबद्दल बोलताना आपण महाविद्यालयांच्या जागा मोजतो, तेव्हा माणदेशातल्या आणि जत तालुक्यातल्या अकरावी विज्ञानाच्या तुकड्याही मोजायला हव्यात.

तीन वाटा आणि एक फसवी वाट

मान्यताप्राप्त मार्ग मुख्यतः तीन आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कला शाखेच्या मुलीलाही खुला आहे. तो पूर्ण करून जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका होता येतं. सपाट भागात साधारण पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंब नियोजन, साथरोगाच्या काळातलं घरोघर सर्वेक्षण हे सगळं काम तिथल्या आरोग्य सेविकेच्या खांद्यावर असतं. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका आहे. तिला विज्ञान शाखेला पसंती असली तरी इतर शाखांची मुलगीही इंग्रजीसह ४० टक्के गुणांवर पात्र ठरते. ही झाली की रुग्णालयात अधिपरिचारिका होता येतं. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंगची. ती पुढे एम.एस्सी., पाठ्यनिर्देशिकेचं काम आणि परदेशापर्यंत जाते.

या तीन वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत, ही गोष्ट गावात फार कमी जणांना माहीत असते. एएनएम झालेली मुलगी पुढे जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेली मुलगी दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होऊ शकते. म्हणजे घरच्या अडचणीमुळे लहान वाट धरली तरी मोठी वाट कायमची तुटत नाही. शाळांतल्या मार्गदर्शन वर्गात ही एक गोष्ट नीट सांगितली तरी अनेक मुलींचा धीर वाढेल.

चौथी वाट मात्र फसवी आहे. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात नर्सिंग शिकवतो, नोकरीची हमी देतो, अशा जाहिराती तालुक्याच्या एसटी स्थानकांबाहेर दिसतात. प्रमाणपत्रावर ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशी नावं असतात. अशा प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे शासकीय भरती नाही, बढती नाही, परदेश नाही आणि वैधपणे परिचारिका म्हणवून घेण्याचा अधिकारही नाही. रुग्णसाहाय्यकाचं काम प्रामाणिक आणि गरजेचं आहे, ते कमी लेखू नये. पण ते शिकवताना नर्सिंगच्या नावानं हजारो रुपये घेणं ही मुलीची आणि तिच्या बापाची फसवणूक आहे. म्हणून प्रवेशाआधी तीन गोष्टी तपासाव्यात. संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? पदवीला नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता किंवा मान्य अभिमत विद्यापीठाचा आधार आहे का? आणि एएनएम, जीएनएमची परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळामार्फत होते का?

शुल्क, वसतिगृह आणि न दिसणारा खर्च

शासकीय शाळेत शुल्क नाममात्र असतं, पण जागा मोजक्या. खाजगी संस्थेत शुल्क मोठं असतं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पूर्वीपासून आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं आणखी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून घाईनं प्रवेश घेणाऱ्या घराला ही सवलत हातची जाते, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शुल्क माफ झालं तरी खर्च संपत नाही. वसतिगृह, खानावळ, गणवेश, बूट, घड्याळ, पुस्तकं, केसबुक, नोंदणी शुल्क, दूरच्या रुग्णालयात प्रात्यक्षिकासाठी जाण्याचं भाडं हे सगळं घरालाच उचलावं लागतं. वसतिगृह भत्त्याच्या योजना आहेत, पण पैसे खात्यावर येईपर्यंत अनेकदा शैक्षणिक वर्ष सरत आलेलं असतं. ज्या घरात उसाचं बिल आणि दुधाचा पगार यांवर महिना चालतो, तिथं उशिरा मिळणारी मदत कर्ज टाळू शकत नाही. वेळेवर मिळणारी थोडी रक्कम वर्षाअखेरीच्या मोठ्या रकमेपेक्षा मुलीला अधिक उपयोगी पडते. हे साधं गणित योजना आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

वॉर्डात काय शिकवलं जातं

नर्सिंग पुस्तकातून कळतं, पण येतं ते खाटेजवळ. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि मूलभूत परिचर्या शिकवतात. पुतळ्यावर इंजेक्शनचा सराव, खाट लावण्याची पद्धत, ताप-नाडी-श्वसनाचा तक्ता भरणं, हात धुण्याचे टप्पे, जैववैद्यकीय कचरा रंगानुसार वेगळा करणं. दीपप्रज्वलन आणि शपथविधी झाला की मुली वॉर्डात जातात. मग औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती अशा विभागांत फिरून ड्युटी करतात. प्रसूतिगृहात ठरावीक संख्येनं बाळंतपणं हाताळून त्यांची नोंद केसबुकात करावी लागते. खेड्यात जाऊन कुटुंबभेटी देण्याचा भागही असतो, आणि गावातून आलेली मुलगी तिथं शहरी मुलीपेक्षा सहज रुळते.

या शिक्षणाचा दर्जा दोन गोष्टींवर ठरतो: वॉर्डात रुग्ण किती आहेत आणि शिकणाऱ्या मुलीबरोबर शिक्षिका आहे का. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की संस्थेचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत. मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत रुग्णांची कमतरता नाही. तिथं शिकलेली मुलगी सर्पदंशापासून गुंतागुंतीच्या बाळंतपणापर्यंत सगळं पाहते. पण जिथं रुग्णालय कागदावर मोठं आणि खाटा रिकाम्या, तिथं केसबुक भरतं आणि हात कोरे राहतात. उलट जिथं परिचारिका अपुऱ्या आहेत, तिथं विद्यार्थिनींना बिनपगारी मनुष्यबळ म्हणून वापरलं जातं. शिकण्यासाठी आलेली मुलगी दिवसभर फाइली पोहोचवते, सॅम्पल प्रयोगशाळेत नेते, आणि शिक्षिका हजेरीपुरती दिसते. परिषदेच्या तपासणीत इमारत, खोल्या आणि उपकरणं मोजली जातात. वॉर्डात पाठ्यनिर्देशिका किती तास उभी असते, हे मोजायला सुरुवात केली तर चित्र बदलेल.

भाषेचा अडसर यात भर घालतो. मराठी माध्यमात शिकलेली हुशार मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकासमोर गप्प होते. तिला विषय कळतो, पण लिहिता येत नाही, आणि हळूहळू तिला स्वतःबद्दलच शंका वाटू लागते. हा अडसर दूर करायला फार मोठं काही लागत नाही. पहिल्या सत्राआधी इंग्रजीचा सेतू वर्ग, मराठी-इंग्रजी संज्ञांची पुस्तिका आणि वर्गात मराठीत समजावून सांगणारी शिक्षिका, एवढं पुरतं. रुग्णाशी बोलायचं ते मराठीतच, आणि जतच्या पूर्व भागात कानडीतही. गावच्या मुलीला ही बोली येते, ही तिची ताकद आहे. तिची ती बाजू शिक्षणात कुठेच गुणांना धरली जात नाही.

घर, लग्न आणि रात्रपाळी

या भागात मुलगी होणं हेच कधी ओझं मानलं गेलं, हे विसरून चालणार नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलांमागे सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ मुली होत्या. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेनं ‘नकुशी’ नाव असलेल्या २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली. तेव्हा पाच वर्षांची असलेली मुलगी आज नर्सिंग शिकण्याच्या वयाची आहे. समाजानं तिला नाव बदलून दिलं, आता तिला पेशा मिळवून द्यायचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. नर्सिंग शिक्षण मुलीला एकवीस-बावीस वर्षांपर्यंत लग्नाच्या चर्चेपासून थोडं लांब ठेवतं, हा त्याचा मोठा सामाजिक लाभ आहे. पण चर्चा सुरू होते तेव्हा रात्रपाळीचा विषय निघतोच. पोरगी रात्री बारा तास बाहेर, परक्या पुरुषांचं अंग पुसायचं, हे स्थळाकडच्यांना आवडेल का? कोरोनाच्या दोन वर्षांनी या प्रश्नाची धार बरीच बोथट केली. मार्च २०२० मध्ये इस्लामपूर राज्याच्या बातम्यांत आलं, मिरजेचं शासकीय रुग्णालय कोरोना रुग्णालय झालं आणि पीपीई किट घालून उभ्या राहिलेल्या परिचारिका गावानं पाहिल्या. आदर वाढला हे खरं. पण टाळ्यांनी रात्रपाळी सुरक्षित होत नाही. त्यासाठी रुग्णालयात स्वच्छ, कुलूपबंद विश्रांतिकक्ष, उजेड असलेला रस्ता, वसतिगृहापर्यंत वाहन आणि तक्रार ऐकणारी समिती लागते. आईबापांची भीती खोटी नसते. या व्यवस्था दाखवल्या तरच ती कमी होते.

पुढं काय?

आता हिशेबाच्या शेवटच्या ओळीकडे येऊ. राज्याच्या शासकीय सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची २५,५०० पासून सुरू होते. ही नोकरी घराचं नशीब पालटते. धाकट्या भावंडांची शिक्षणं होतात, विहीर खोल करता येते, आईचं ऑपरेशन कर्जाविना होतं. पण कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रेंगाळते, आणि मधल्या काळात कंत्राट, बंधपत्र, बाह्ययंत्रणा यांतून काम घेतलं जातं. बाह्ययंत्रणेच्या भरतीविरुद्ध २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या शासकीय परिचारिका संपावर गेल्या होत्या. त्या मागणीमागे स्वतःच्या पगाराइतकीच पुढच्या मुलींच्या जागांची चिंता होती.

खाजगी क्षेत्रात अडचण आणखी खोल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या केंद्रीय समितीनं शिफारस केली होती: दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला शासकीय वेतनाइतका पगार असावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान वीस हजार रुपये मिळावेत. ती शिफारसच राहिली. तालुक्याच्या गावी तीन वर्षं शिकलेली मुलगी यापेक्षा कितीतरी कमी पगारावर रात्रंदिवस काम करते, तेव्हा शेजारच्या घरातली मुलगी नर्सिंगचा विचार सोडून देते. पगार कमी ठेवणारं रुग्णालय उद्याच्या परिचारिका आजच गमावतं.

म्हणूनच अनेकींची नजर बाहेर आहे. केरळच्या मुली दशकांपूर्वी आखातात आणि युरोपात गेल्या आणि त्यांच्या पैशानं घरं उभी राहिली. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषा शिकून जाणाऱ्या सातारा-सांगलीच्या मुलींचं मनापासून स्वागत करायला हवं. पण ज्या जिल्ह्यांनी त्यांना घडवलं, तिथल्या उपकेंद्रात आणि अतिदक्षता विभागात रुजू होणं हाही मानाचा पर्याय असायला हवा, नाइलाजाचा नव्हे.

२०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी आला आहे. त्यातून शिक्षणाच्या दर्जावर नवी देखरेख अपेक्षित आहे. पण कायद्याची वाट न पाहता या दोन जिल्ह्यांत बरंच करता येईल. जिल्हा परिषदांनी दुष्काळी तालुक्यांत मुलींसाठी अकरावी विज्ञानाच्या तुकड्या आणि त्यांना जोडून वसतिगृहं उभारावीत. प्रत्येक माध्यमिक शाळेत नववी-दहावीलाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची आणि फसव्या प्रमाणपत्रांची माहिती द्यावी. परिचर्या संस्थांनी आपल्या रुग्णालयातल्या भरलेल्या खाटा, वॉर्डातल्या शिक्षिकांची संख्या आणि उत्तीर्ण मुलींना मिळालेला पगार दरवर्षी जाहीर करावा. मोठ्या रुग्णालयांनी २०१६ च्या शिफारशीतलं वेतन स्वतःहून द्यावं. मिरज, कराड आणि सातारा इथली मोठी रुग्णालयं एवढं करतील, तर लहान रुग्णालयांना मागे राहता येणार नाही.

गावचा बाप जेव्हा विचारतो की पुढं काय, तेव्हा त्याला भाषण नको असतं. त्याला कोणत्या संस्थेत शिकून कोणत्या मुलीला कुठे किती पगाराची नोकरी लागली, याची यादी हवी असते. ती यादी त्याच्यासमोर ठेवणं सगळ्या व्यवस्थेला शक्य आहे, आणि तो दर जूनमध्ये अर्ज भरण्याआधी ती मागणार असेल, तर ते व्यवस्थेचं कर्तव्यही आहे.